कर्सर गायब झाल्यावर

लिनक्सवर काम करता करता माउसचा कर्सर एकाएकी दिसेनासा झाला, की पहिला हात जातो तो पॉवरच्या बटणाकडे. संगणक बंद करून पुन्हा चालू केला की बहुतेक वेळा कर्सर परत येतो आणि विषय तिथेच मिटतो. आज सकाळी एवढेच सांगायचे आहे, की तो हात जरा आवरावा. कर्सर परत आणणे फारसे अवघड नसते. तो का गेला हे कळण्याची संधी मात्र बटण दाबताच हातची जाते.

हा प्रसंग आता आपल्याकडे पूर्वीपेक्षा जास्त जणांवर येईल. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि त्यापुढची आवृत्ती बऱ्याच जुन्या संगणकांवर रीतसर बसत नाही. नांदेड-लातूरकडच्या शाळा-कॉलेजांत, दुकानांत, घरांत असे धडधाकट जुने संगणक कितीतरी आहेत. त्यांना भंगारात जाण्यापासून वाचवायचे तर लिनक्स हा चांगला मार्ग आहे, आणि तो फुकट आहे. पण नव्या घरात गेल्यावर तिथली बटणे कुठे आहेत हे समजून घ्यावेच लागते.

कर्सर गेला म्हणजे नेमके काय गेले? माउस हळूहळू फिरवत खिडकीच्या वरच्या पट्टीवर न्या आणि नजर पट्टीवरच ठेवा. बाण कुठेच नाही. तरी एकेक बटण उजळते आणि पुन्हा फिके होते. एखाद्या फाइलच्या नावावर अंदाजाने दोनदा क्लिक केले तर ती उघडतेसुद्धा. म्हणजे माउस शाबूत आहे, संगणकाला त्याची जागा बरोबर माहीत आहे, क्लिकही पोचतो आहे. राहिले आहे ते फक्त बाणाचे चित्र काढणे.

असे होण्यामागे एक जुनी, हुशारीची सोय आहे. बाण जरासा हलला की सगळा पडदा नव्याने रंगवावा लागू नये, म्हणून ग्राफिक्स चिप बाणाचे इवलेसे चित्र, बहुधा ६४ बाय ६४ ठिपक्यांच्या चौकटीत, वेगळ्या थरावर ठेवते आणि पडद्यावर वरून सरकवत राहते. याला हार्डवेअर कर्सर म्हणतात. लॅपटॉपचे झाकण मिटून परत उघडले, की बाकीचा पडदा नीट उभा राहतो. पण चिप चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये काही उणे असेल तर हा छोटा थर परत लागत नाही. सगळे जागच्या जागी असते, बाण तेवढा दिसत नाही.

अशा वेळी दोष शोधायचा कसा, हे लातूरकराला वेगळे शिकवायला नको. नळाला पाणी आले नाही तर आपण आधी शेजारी विचारतो. तिथे आले असेल तर खोट आपल्या जोडणीत. गल्लीत कुणाकडेच नसेल तर व्हॉल्व्ह किंवा टाकी. सगळ्या शहरात नसेल तर नजर थेट मांजरा धरणाकडे जाते. एप्रिल २०१६ मध्ये धरणच आटले होते आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी. त्या दिवसांत घरातला नळ उकलून बसणाऱ्याच्या हाती काय लागले असते? पाणी कुठपर्यंत येते आणि कुठून पुढे येत नाही, हे आधी पाहायचे. दोष त्या दोहोंच्या मध्ये असतो.

कर्सरची वाटही अशीच टप्प्याटप्प्याची आहे. माउस, मग कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मग माउसच्या हालचाली समजून घेणारे लिबइनपुट, मग डेस्कटॉप आणि शेवटी ग्राफिक्स चिप. सुरुवात सोप्या प्रश्नांनी करावी. प्रोजेक्टरची किंवा दुसऱ्या मॉनिटरची केबल लागलेली आहे का? असेल तर बाण त्या पडद्यावर गेलेला असू शकतो; वर्गखोलीत हे हमखास होते. कर्सर फक्त टाइप करतानाच लपतो का? मग तो मुद्दाम लपवला जातो आहे, कारण काही प्रोग्राममध्ये तशी सोयच असते. ग्नोम डेस्कटॉपच्या सुलभता सेटिंगमध्ये पॉइंटर शोधून देण्याची सोय आहे. ती चालू असेल तर कंट्रोल दाबताच बाणाच्या जागेभोवती वर्तुळे उमटतात. वर्तुळे उमटली आणि बाण दिसला नाही, तर डेस्कटॉपपर्यंत सगळे ठीक आहे, पुढे कुठेतरी अडले आहे, हे तिथल्या तिथे कळते.

त्याहून खाली उतरायचे असेल तर लिबइनपुटचे डीबग-इव्हेंट्स हे साधन टर्मिनलवर चालवावे. माउस हलवला की ओळींमागून ओळी धावतात. ओळी धावल्या तर माउस आणि कर्नल दोघेही निर्दोष. एकही ओळ आली नाही तर केबल, बॅटरी किंवा टचपॅड बंद करणारी की पाहायची.

बाणाचा थरच अडला असेल, तर आधी कीबोर्डवरून कंट्रोल आणि एस दाबून काम जतन करावे. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबावे. पडदा काळा होतो आणि लॉगिनची साधी ओळ येते. घाबरायचे कारण नाही, उघडलेल्या फाइली जिथल्या तिथे असतात. कंट्रोल, ऑल्ट यांच्यासोबत एफ१, एफ२ किंवा एफ७ यांपैकी जे लागू असेल ते दाबून परत यावे. या जाण्यायेण्यात चित्राचे सगळे थर नव्याने लावले जातात आणि पुष्कळदा बाण परत दिसू लागतो. दुखणे रोजचेच असेल तर बाण वेगळ्या थरावर न ठेवता पडद्याच्या चित्रातच काढण्याचा, म्हणजे सॉफ्टवेअर कर्सरचा, पर्याय चालू करता येतो. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन बदल एकदम केले आणि कर्सर आला, तर कशाने आला हे कुणालाच सांगता येत नाही.

याचा संबंध आपल्याकडच्या शिक्षणाशीही आहे. दहावी-बारावीच्या निकालांनी लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रभर नेले. आजही गावोगावची मुले इथे खोल्या घेऊन राहतात आणि पहाटेपासून प्रश्नसंच सोडवतात. त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण प्रश्नसंचात प्रश्न छापून आलेला असतो आणि चारांतला एक पर्याय बरोबर असतो. बिघडलेल्या संगणकापुढे प्रश्नच आपल्याला तयार करावा लागतो. काय चालू आहे, काय बंद आहे, हे शांतपणे पाहून नेमका प्रश्न मांडणे हे वेगळे शिक्षण आहे. पुढे डॉक्टर झालेल्या मुलाला रोग्यापुढे आणि इंजिनिअर झालेल्या मुलीला यंत्रापुढे तेच लागणार आहे. नांदेडच्या विष्णुपुरीत श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. शिकायला जागा आहे, भाषेची अडचणही उरलेली नाही.

शेवटी, जे सापडले ते लिहून ठेवावे. कोणता संगणक, कोणती ग्राफिक्स चिप, लिनक्सची कोणती आवृत्ती, कर्सर कशानंतर गेला, काय केल्यावर आला. लिनक्सचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे आणि तो सांभाळणारी माणसे जगभर विखुरलेली आहेत. त्यांच्यापर्यंत अशी नेमकी नोंद पोचली तर ती दोष काढायला उपयोगी पडते, आणि दुरुस्ती झाली की तोच ड्रायव्हर वापरणाऱ्या सगळ्यांना ती मिळते. नोंद पाठवणारा मुलगा उदगीरचा आहे की बर्लिनचा, याने तिची किंमत बदलत नाही. ती ठरते तिच्या नेमकेपणावर. म्हणून पुढच्या वेळी कर्सर दिसेनासा झाला तर संगणक बंद करण्याआधी वही उघडावी.