छंद, नेम आणि लक्ष्य

मराठीत ‘छंद’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. एका अर्थाने तो वृत्ताचा, म्हणजे अक्षरमात्रांच्या बंधनाचा वाचक आहे. दुसऱ्या अर्थाने मनाच्या स्वैर ओढीचा. हौशी छायाचित्रकार वर्षारंभी वही उघडून ‘यंदा पन्नास व्यक्तिचित्रे, दर आठवड्याला एक निवडक चित्र, वर्षअखेर एक प्रदर्शन’ असा संकल्प लिहितो, तेव्हा हे दोन्ही अर्थ एकमेकांसमोर उभे राहतात. ज्या कृतीचे मूल्य ती निव्वळ आवडीने केली जाण्यात आहे, तिला प्रगतीचे वार्षिक लक्ष्य लावणे कितपत उचित आहे? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण फुरसतीचा काळ माणसाने कोणत्या वृत्तीने जगावा, हा नैतिक प्रश्न त्याच्या पोटात आहे.

‘हौशी’ या विशेषणात कनिष्ठतेची जी छटा आज चिकटली आहे, ती छायाचित्रणाच्या इतिहासाला मान्य होणारी नाही. दागेरची पद्धती 1839 मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, 1854 मध्ये, मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू, वैद्यकाचे शिक्षण घेतलेले डॉ. नारायण दाजी, हे तिच्याशी संबंधित आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती कॅमेरा आला तो 1863 मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेक-जावयाकडून मिळालेली भेट म्हणून. लाला दीनदयाळ इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस असताना या कलेकडे वळले. या कलेचा पाया घालण्यात हौसेचा वाटा मोठा आहे. तेव्हा हौस म्हणजे शिथिलता, हे समीकरण प्रथमच बाजूला ठेवले पाहिजे.

आक्षेप हौसेच्या गांभीर्याला नाही, मोजमापाला आहे. फिल्मच्या काळात एका रोलमध्ये छत्तीस चित्रे मावत. प्रत्येक चित्राला खर्च होता आणि तोच संयमाचा शिक्षक होता. डिजिटल कॅमेऱ्याने हा शिक्षक निवृत्त केला. चित्रांना तोटा उरला नाही आणि संख्या गाठणे सोपे झाले. शिवाय संख्येला एक मोहक गुण असतो: ती वादातीत असते. ‘चित्र चांगले झाले काय?’ या प्रश्नाचे उत्तर अवघड, ‘पन्नास झाली काय?’ याचे सोपे. अवघड प्रश्नाच्या जागी सोपा प्रश्न अलगद येऊन बसतो आणि साधकाला पत्ताही लागत नाही. अ‍ॅलस्डेअर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या ग्रंथात एखाद्या व्यवहाराच्या अंतर्गत आणि बाह्य श्रेयांमध्ये भेद केला आहे. खाऊच्या आशेने बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलाला फसवणूक करण्यातही काही गैर वाटणार नाही. खेळाचीच गोडी लागलेल्याने फसवणूक केली, तर तो स्वतःलाच फसवील. वार्षिक आकडा हा पुष्कळदा असाच खाऊ असतो.

मग संकल्पच सोडावा काय? भारतीय काव्यशास्त्राचे उत्तर नकारार्थी येईल. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींना मिळून काव्याचा एकच हेतू मानले. तीन सुटे हेतू मानले नाहीत. दंडी तर त्याहून उदार आहे: पूर्वसंस्कारातून आलेली अद्भुत प्रतिभा नसली, तरी श्रवण आणि परिश्रम यांनी सेविलेली वाग्देवी काही ना काही अनुग्रह करतेच, असे त्याचे म्हणणे. हौशी साधकाला याहून मोठा दिलासा कोणता? मात्र मम्मटाचा अभ्यास म्हणजे केवळ आवृत्ती नव्हे. काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीखाली केलेला तो अभ्यास आहे. दोष दाखविणारी नजर नसेल, तर शंभर चित्रांत तोच दोष शंभरदा गिरवला जातो.

येथे लक्ष्य आणि नेम यांतील भेद उपयोगी पडतो. वारकरी दरवर्षी आषाढीला पंढरीची वाट चालतो. पण गतवर्षीपेक्षा यंदाची वारी किती टक्क्यांनी सुधारली, असा हिशेब तो मांडीत नाही. तरीही वारी त्याला घडविते. लक्ष्य फळाकडे पाहते, नेम कृतीकडे. ‘वर्षात पन्नास उत्तम चित्रे’ हे लक्ष्य आहे. ‘वर्षभर रोज पहाटे एकाच खिडकीतून येणारा उजेड पाहणे’ हा नेम आहे. उत्तम चित्र हाती लागणे छायाचित्रकाराच्या पूर्ण स्वाधीन नसते. तेथे उजेड, माणसे, योगायोग यांचा वाटा असतो. पाहणे मात्र त्याच्या स्वाधीन असते. गीतेचा कर्मविषयक उपदेश या कलेत असा अगदी व्यावहारिक ठरतो.

या भेदाला एक प्रत्यवाय आहे आणि तो टाळता येत नाही. नेमाचीही जडता होते. केवळ पाळला जाणारा नेम डोळे मिटूनही पाळता येतो. म्हणून वर्षातून एकदा थांबून तपासणी करणे आवश्यकच आहे. मात्र ती चित्रांच्या संख्येची नसावी. पूर्वी न दिसणारे काय आता दिसू लागले, याची असावी.

लक्ष्याचा सर्वांत गंभीर दोष छायाचित्रकाराच्या बाहेर दिसतो. ‘पन्नास अनोळखी चेहरे’ असा संकल्प करून कोणी वारीच्या वाटेवर उभा राहिला, तर समोरून येणारी थकलेली वृद्धा त्याच्या लेखी सत्तेचाळिसावी ठरते. माणसाला केवळ साधन मानू नये, हा कांटचा दंडक येथे मोडतो, आणि तोही आत्मोन्नतीच्या नावाखाली. कवीचा संकल्प फसला तर कागद वाया जातो. छायाचित्रकाराच्या संकल्पात मात्र दुसऱ्याचा चेहरा गुंतलेला असतो. म्हणून त्याच्या वार्षिक संकल्पात एक कलम असे हवे, की काही चित्रे दिसूनही घ्यावयाची नाहीत. हे कलम पाळल्याची नोंद कोणत्याही वहीत उमटणार नाही. परंतु कॅमेरा खाली घेऊन त्या वृद्धेला वाट करून देणाऱ्याची नजर त्या वर्षी सुधारली, असे निःशंकपणे म्हणता येईल.