दिव्यासाठी तेल कोणी आणायचं?

आजचे वाचन : निर्गम २७:२०-२१, निर्गम ३६:५-७, मार्क १२:४०-४४



"काम देवाचं आहे ना? मग देव पुरवील. लोकांपुढे हात कशाला पसरायचा?" हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत नेहमी निघतो. परवा आमच्या बायबल अभ्यासातही निघाला. विषय होता दक्षिण आफ्रिकेतल्या ख्रिस्ती सामुदायिक रेडिओ केंद्रांचा.

त्या देशाने कित्येक वर्षं भारनियमन सोसलं. २०२३ साल तर फारच कठीण गेलं. ९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांना विजेच्या टंचाईपायी राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. भारनियमनाचा सहावा टप्पा म्हणजे ६००० मेगावॅटची कपात. वीज दिवसातून अनेकदा जायची. आपल्याकडे ज्यांनी भारनियमनाचे दिवस काढलेत, त्यांना जास्त सांगायला नको.

मोठं केंद्र जनरेटर लावतं. लहान केंद्राला रोजचं डिझेल परवडत नाही. साध्या बॅटऱ्या दोन कपातींच्या मधल्या वेळात पुरत्या चार्ज होत नाहीत आणि लवकर निकामी होतात. लिथियमच्या टिकतात, पण महाग. मग श्रोत्यांकडे मागण्यावाचून मार्ग काय? आणि श्रोत्याच्या तर स्वतःच्याच घरात अंधार! त्याच्याकडे केंद्राच्या बॅटरीसाठी पैसे मागावेत का?

मी आधी पवित्र शास्त्राकडे वळतो. निर्गमाच्या २७व्या अध्यायात देव मोशेला सांगतो, की निवासमंडपातला दिवा सतत तेवत राहावा म्हणून इस्राएल लोकांनी जैतुनाचं शुद्ध तेल आणावं. जरा विचार करा. ज्याने नुसत्या शब्दाने प्रकाश केला, त्याला तेलाची काय गरज? तरी त्याने लोकांना तेल आणायला लावलं. त्या उजेडात त्यांचा वाटा असावा, असं मला यातून दिसतं. म्हणून मागणं म्हणजे अविश्वास, हे मला पटत नाही.

शिवाय अंधारातच रेडिओची खरी गरज असते. टीव्ही बंद पडतो. वीज लांबली तर मोबाइलचा टॉवरही गप्प होतो. पण सेलवरचा रेडिओ चालू राहतो. फक्त पलीकडून कोणीतरी बोलत असायला हवं. एकट्या राहणाऱ्या आजीला त्या वेळी प्रार्थनेचा आवाज ऐकू येणं ही चैन नव्हे.

पण कोणाकडे मागायचं आणि कसं? इथे मार्कचा १२वा अध्याय मला अडवतो. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेवर आपण पुष्कळ उपदेश ऐकले. तिच्या आधीचं वचन मात्र आपण घाईने ओलांडतो. तिथे प्रभू येशू विधवांची घरं गिळणाऱ्यांना दोष देतो. त्याने तिच्या दानाचं मोल ओळखलं, पण तिच्याकडून ते काढून घ्या, असं कोणाला सांगितलं नाही.

कोणी म्हणेल, गरिबाला मागायचंच नाही हाही त्याचा अपमानच. खरं आहे. त्यालाही तेल आणायचा हक्क आहे. म्हणून दार सगळ्यांना उघडं ठेवावं, पण दडपण कोणावरही आणू नये. "द्या, म्हणजे देव दुप्पट देईल" असं तर मुळीच म्हणू नये. तो आशीर्वादाचा व्यापार झाला. बॅटरीची किंमत सांगावी, किती जमले ते सांगावं, हिशेब उघडा ठेवावा.

आणि निर्गम ३६ विसरू नये. लोक इतकं आणू लागले, की मोशेने छावणीत निरोप फिरवला: आता पुरे, आणखी आणू नका. देवाच्या कामासाठी मागताना "पुरे" म्हणता येतं का, यावर मी ते मागणं पारखतो. गरज भागल्यावरही मागणी चालूच राहिली, तर आपला भरवसा देवावर उरला की पेटीवर?

आज विचार करा : मी जिथे देतो किंवा मागतो, तिथे "पुरे" हा शब्द कधी ऐकलाय का?

प्रार्थना : हे प्रभू, आम्हाला आनंदाने देणारं मन दे, आणि जे मागतात त्यांना स्वच्छ हात दे. अंधारात बसलेल्यांपर्यंत तुझा शब्द पोहोचू दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.