काचेवरचं पाणी कुणाचं?

आजचा श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला, ३८वा. धुळीने आरसा झाकावा तसं कामनेने ज्ञान झाकलं जातं, असं भगवंत सांगतात. मला आरशाआधी आमची उस्मानपुऱ्यातली बेडरूमची खिडकी आठवते. डिसेंबर-जानेवारीत सगळं बंद करून आजीसकट तिघं झोपतो, ओले कपडेही आतच वाळत असतात. सकाळी काचेवर पाणी. आरशावरची धूळ बाहेरून येते. हे पाणी तर आपल्याच श्वासाचं! २५ अंशांची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प धरते, १० अंशांची जेमतेम ९. जास्तीचं गार काचेवर उतरतं.

रोज फडक्याने पुसायचं का? पुसावंच, नाहीतर चौकटीला बुरशी धरते आणि आजीचा दमा उसळतो. पण नाम घेऊन रोज मन पुसायचं आणि हाव आत कोंडून ठेवायची, याला मी साधना म्हणणार नाही. कपडे गच्चीवर न्यावेत, खिडकी चार बोटं उघडी ठेवावी (जाळी लावा हं, डास फार). पण मग ऊब जाते. मला ऊब हवी, आजीला हवा. आणि गंमत बघा, खिडकी उघडली की आजीच म्हणते, "लाव गं, तुला सर्दी होईल."