प्रसाद : पंगतीतला आणि मनातला

॥ श्री ॥

ज्येष्ठ महिना लागला की मेडशी गावाचे डोळे पातूरच्या घाटरस्त्याकडे लागतात. शेगावच्या श्री संत गजानन महाराज संस्थानची पायी पालखी पंढरपूरला जाताना पातूर मागे टाकून मेडशीस येते व पुढे मालेगाव, शिरपूर, रिसोड असा मार्ग धरते. सन 1968 पासून चालत आलेली ही परंपरा आहे. खांद्यावर पताका, हाती टाळ, मुखी नाम आणि सुमारे सातशे वारकऱ्यांची शिस्तबद्ध रांग! पालखीचा या गावातील सहवास तो किती? अगदी थोडा. परंतु तेवढ्या वेळात कोणी अंगणात सडा-रांगोळी घालतो, कोणी थंड पाण्याचा घडा घेऊन उभा राहतो, कोणी अनोळखी वारकऱ्याचे सुजलेले पाय चेपतो. ज्याच्या घरी पेरणीचे बियाणे अद्याप यावयाचे आहे, तोही त्या दिवशी चार पानांचे जेवण आनंदाने वाढतो. या सेवेतून कोणास काही मिळत नाही. तरीही त्या संध्याकाळी गावातील चेहरे उजळलेले असतात.

सन 2020 व 2021 या दोन वर्षी कोरोनाच्या साथीमुळे पायी वारी निघू शकली नाही. ज्येष्ठ आला आणि गेला; रस्ता रिकामाच राहिला. तेव्हा अनेक भाविकांच्या मनात एक प्रश्न सहजच उभा राहिला असेल. पालखी आली नाही, म्हणजे आनंदही आला नाही, असे समजावे काय? आनंद जर बाहेरून येणारी वस्तू असेल, तर रस्ता बंद होताच तोही बंद झाला पाहिजे. आणि तो जर अंतःकरणातील वस्तू असेल, तर त्याची ओळख कशी पटवावी? क्षेत्री येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूने क्षणभर थांबून विचार करावा, असाच हा प्रश्न आहे.

एकच शब्द, अनेक ठिकाणी

या प्रश्नाचे उत्तर मंदिरात रोज उच्चारल्या जाणाऱ्या एका साध्या शब्दात दडलेले आहे. तो शब्द म्हणजे ‘प्रसाद’. सामान्य भाविकास प्रसाद म्हणजे हातावर पडणारा साखरफुटाणा, खोबऱ्याचा तुकडा किंवा पंगतीतील महाप्रसाद एवढेच ठाऊक असते. परंतु संस्कृत भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ निर्मळपणा, प्रसन्नता असा आहे. गढूळ पाणी स्थिर ठेवले असता गाळ तळाशी बसतो व पाणी नितळ होते. मनाची तशी नितळ अवस्था म्हणजे प्रसाद.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी शरीराचे, वाणीचे व मनाचे अशी तपाची तीन रूपे सांगितली आहेत. त्यांतील मनाच्या तपाची गणना करताना भगवंतांनी पहिले स्थान दिले ते ‘मनःप्रसाद’ या गुणास. उपवास, जागरण, अनवाणी चालणे ही तपे सर्वांस माहीत असतात. पण मन प्रसन्न ठेवणे हेही तपच आहे, हे ध्यानी घेणारे थोडे. तप म्हटले की अभ्यास आला, रोजची मेहनत आली. म्हणजे प्रसन्नता ही नशिबाने मिळणारी चैन नव्हे. ती जोपासावयाची साधना आहे.

आसक्तीची वाट

मनुष्य आनंदाच्या शोधात निघतो आणि बहुधा आसक्तीच्या वाटेस लागतो, कारण प्रारंभी दोन्ही वाटा सारख्याच दिसतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात या घसरणीचा क्रम दाखविला आहे. विषयाचे सतत चिंतन केल्याने त्याची ओढ लागते, ओढीतून कामना जन्मते, कामनेच्या आड काही आले की क्रोध उसळतो, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतीचा भ्रंश, आणि शेवटी बुद्धीचा नाश. त्याच ठिकाणी, पुढच्याच श्लोकांत, रागद्वेषातून सुटलेल्या मनुष्यास प्रसाद लाभतो आणि त्या प्रसादात त्याची सर्व दुःखे मावळतात, असेही सांगितले आहे. रोग व औषध एकमेकांच्या शेजारी ठेवलेले आहेत.

महाभारतातील ययाती राजाची कथा महाराष्ट्रास नवी नाही. वि. स. खांडेकरांची त्याच नावाची कादंबरी 1959 साली प्रसिद्ध झाली व पुढे तिला ज्ञानपीठ पुरस्काराचा मान मिळाला. अकाली वार्धक्याचा शाप मिळालेल्या ययातीने आपला धाकटा पुत्र पुरू याचे तारुण्य मागून घेतले आणि सहस्र वर्षे उपभोग घेतला. अखेर त्याच्या हाती काय आले? तुपाची आहुती पडल्याने अग्नी विझत नाही, उलट भडकतो, तशीच वासनेची गत आहे, एवढी जाणीव! पुत्राचे तारुण्य त्याने परत केले, तेव्हा कोठे तो शांत झाला.

हल्ली तरुणांच्या तोंडी ‘पॅशन’ हा शब्द फार ऐकू येतो. आपली पॅशन ओळखा, तिच्यामागे धावा, असा उपदेश चहूकडून होत असतो. गंमत अशी की, हा शब्द ज्या लॅटिन मुळापासून आला, त्याचा अर्थ सोसणे, यातना भोगणे असा आहे. कोणत्याही कार्याचा ध्यास असणे वाईट नाही. ध्यासावाचून ना शेत पिकते, ना विद्या येते. परंतु ध्यास जेव्हा मनुष्यावर स्वार होतो, तेव्हा तो त्यास सुखाने बसू देत नाही. स्पर्धा परीक्षेच्या मागे वर्षामागून वर्षे घालविणारा आणि निकालाच्या यादीत नाव नसले की आपले जीवनच व्यर्थ मानणारा मुलगा, शेजाऱ्यापेक्षा मोठा मांडव घालण्यासाठी व्याजाने पैसे काढणारा बाप, यांच्या घरी आनंदास बसावयास जागा कोठे उरते? ज्या पश्चिम विदर्भाने कर्जापायी घरेच्या घरे उद्ध्वस्त होताना पाहिली, तेथे हा विचार केवळ पोथीतला राहू शकत नाही.

शेगावची पत्रावळ

ज्या संतांची पालखी मेडशीवरून जाते, त्यांच्या चरित्राचा आरंभच या विषयाचा मोठा धडा आहे. 23 फेब्रुवारी 1878 रोजी श्री गजानन महाराज शेगावी प्रथम दृष्टीस पडले, ते देविदास पातुरकर यांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना. बंकटलाल अग्रवाल यांनी ते दृश्य पाहिले. त्यांनी आग्रहाने ताजे, पंचपक्वान्नांचे ताट आणविले, तेव्हा महाराजांनी सर्व पदार्थ एकत्र कालवले आणि तितक्याच समाधानाने भक्षण केले. पिण्यासाठी स्वच्छ पाणी येईपर्यंत न थांबता त्यांनी गुरांच्या हाळातील पाणी प्राशन केले.

या प्रसंगाचा अर्थ असा नव्हे की सर्वांनी उष्टे खावे. अर्थ असा की, पत्रावळ बदलली तरी खाणाऱ्याची प्रसन्नता बदलली नाही. आनंद ताटातून येत असता, तर पंचपक्वान्नांनी तो वाढला असता आणि शितांनी घटला असता. महाराज आनंद सोबत घेऊनच जेवावयास बसले होते.

तैत्तिरीय उपनिषदात आनंदाचे मोजमाप करण्याचा एक विलक्षण प्रयत्न आढळतो. तरुण, सुदृढ, विद्वान आणि संपत्तीने भरलेल्या साऱ्या पृथ्वीचा स्वामी असा मनुष्य कल्पून त्याच्या सुखास एक माप मानले आहे. मग त्याच्या शतपट गंधर्वांचा, त्याच्याही शतपट वरच्यांचा, असे करीत ते मोजमाप ब्रह्मदेवाच्या आनंदापर्यंत जाते. मात्र पुढील प्रत्येक पायरीवर ऋषी एक गोष्ट आवर्जून जोडतात. कामनेने जो घायाळ झालेला नाही, अशा ज्ञानवंतास हाच आनंद येथेच प्राप्त आहे! गंधर्वलोकाची शिडी चढण्याची आवश्यकता नाही. घाव भरला की पुरे.

चार भाव, चार उपाय

हा घाव भरावा कसा? पतंजली मुनींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात चार भावनांचा उपाय दिला आहे. सुखी मनुष्याविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता म्हणजे हर्ष, आणि दुराचरणाविषयी उपेक्षा. या भावनांच्या अभ्यासाने जे घडते त्यास त्यांनी ‘चित्तप्रसादन’ असे नाव दिले. पुन्हा तोच शब्द, प्रसाद! भगवान बुद्धांच्या उपदेशात याच चार भावना ब्रह्मविहार या नावाने पूज्य ठरल्या आहेत.

हा अभ्यास गावच्या पारावर बसूनही होऊ शकतो. शेजाऱ्याचे सोयाबीन अधिक पिकले, तर त्याच्याशी मैत्री वाढवावी. पोटात दुखू देऊ नये. ज्याचे पीक पावसाने नेले, त्याच्या दारी जाऊन बसावे. बोलता आले नाही तरी चालेल. कोणाच्या मुलीने उत्तम यश मिळविले, तर आपल्या घरी गोड करावे. आणि ज्याचे वागणे सुधारणे आपल्या हाती नाही, त्याचा विचार उगाळत रात्र घालवू नये. मत्सर, तिरस्कार व सूड यांची जागा या चार भावांनी घेतली की गाळ आपोआप तळाशी बसतो.

येथे एक शंका उपस्थित होते. ज्याच्या घरी खरोखर दुःख आहे, त्याने प्रसन्नतेचे सोंग आणावे काय? मुळीच नाही. संत तुकाराम महाराजांनी 1630 सालच्या भीषण दुष्काळात पत्नी गमावली, व्यापार बुडाला, मानहानी सोसली. त्यांनी ते दुःख लपविले नाही. परंतु परंपरा असे सांगते की, पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली व लोकांकडील येणे सोडून दिले. ज्यास स्वतःसच गरज होती त्याने इतरांस मोकळे केले, आणि तोही मोकळा झाला. दुःखातील मनुष्यास हसण्याचा उपदेश करणे हे अधर्म्य होय. त्याच्या ओझ्याखाली आपला खांदा देणे हाच त्याच्यासाठी प्रसाद.

नवस आणि दान

मंदिरात येणारे कित्येक भाविक मनात काही मागणे घेऊन येतात. अपत्य, नोकरी, आजारातून सुटका, कोर्टातील निकाल. देवापुढे मन मोकळे करण्यात गैर काहीच नाही. परंतु ‘हे दे, मग ते देईन’ असा व्यवहार ठरला की भक्ताचे मन दर्शनाच्या वेळीही निकालाच्या तारखेकडेच लागलेले राहते. दान देतानाही हीच कसोटी लावावी. दिल्यानंतर मन हलके झाले तर ते दान. पाटीवर नाव कोणत्या ओळीत आले याची चिंता लागली तर ती आसक्ती. देवाच्या दारी अकरा रुपये व अकरा हजार रुपये यांची पावती वेगळी असते, प्रसाद मात्र एकच असतो.

विदर्भाच्याच भूमीतील संत गाडगेबाबा (1876–1956) आपल्या कीर्तनांतून हेच परखडपणे विचारीत. कर्ज काढून सण, लग्न, तीर्थयात्रा करू नका, मुलांस शिकवा, भुकेल्यास अन्न द्या, असा त्यांचा उपदेश होता. हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या या पुरुषाने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, पण स्वतःच्या राहण्यासाठी काही ठेवले नाही. म्हणूनच कोणत्याही भाविकाने कर्ज काढून दान देऊ नये, घरातील औषध किंवा मुलांची फी अडवून नवस फेडू नये. ज्यास काही देता येत नाही त्याने पंगतीत वाढावे, मंदिराचे आवार झाडावे. तेही शक्य नसेल तर शांतपणे बसून नाम घ्यावे.

पसायदान

श्री ज्ञानेश्वर महाराजांनी सन 1290 मध्ये नेवासे येथे भगवद्गीतेवरील आपली टीका पूर्ण केली आणि अखेरीस देवाकडे जे मागणे मागितले ते ‘पसायदान’ म्हणून मराठी मनात कायमचे बसले. ‘पसाय’ हे ‘प्रसाद’ या शब्दाचेच मराठी रूप होय. समाजाने ज्या भावंडांस वाळीत टाकले, आईवडिलांवाचून पोरके केले, त्यांपैकी एकाने मागितला तो प्रसाद स्वतःसाठी नव्हता, अवघ्या प्राणिमात्रांसाठी होता. दुष्टांचा नाश व्हावा असेही न म्हणता त्यांचे दुष्टपण जावे, असे त्यांनी मागितले. एवढे सोसूनही ज्याच्या ओठी असे मागणे यावे, त्याचे मन किती नितळ असेल!

सन 2022 च्या ज्येष्ठात पालखी पुन्हा पायी निघाली. दोन वर्षे रिकामा राहिलेला रस्ता भरून गेला. त्या मधल्या काळात ज्या घरांतून सायंकाळी हरिपाठ होत राहिला, शेजारच्या आजाऱ्याच्या दारी डबा पोहोचत राहिला, त्या घरांतून आनंद कधी गेलाच नव्हता. पालखी त्यास आणावयास आली नाही. ती त्यास भेटावयास आली.

दर्शनास आलेल्या प्रत्येक भाविकाने गाभाऱ्यासमोर मागणे सांगून झाल्यावर क्षणभर काहीच न मागता उभे राहावे. पंगतीत बसताना पानात जेवढे हवे तेवढेच घ्यावे व शेजारच्या अनोळखी माणसाची विचारपूस करावी. आणि घरी परतताना हातातील प्रसादाची पुडी एकट्याने न उघडता शेजारी वाटावी. वाटल्याने पुडी रिकामी होईल, पण ज्या निर्मळपणामुळे तिला प्रसाद म्हणतात, तो मनात शिल्लक राहील.

॥ शुभं भवतु ॥