दात्याची अट आणि उघडे दार

दान निरपेक्ष असावे हे तत्त्व भारतीय परंपरेत इतके मुरलेले आहे की त्यातली अडचण सहसा ध्यानात येत नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना देश, काल आणि पात्र यांच्या जोडीला, घेणारा ‘अनुपकारी’ असावा, म्हणजे त्याच्याकडून उपकाराच्या फेडीची अपेक्षा नसावी, असे म्हटले आहे. परंतु ज्याच्यापाशी फेडीचे कोणतेही साधन नाही, त्याच्यापाशीही स्वतःची श्रद्धा उरतेच, आणि ती दात्याने न मागताही फेडीच्या रूपाने दिली जाऊ शकते. सातासमुद्रापलीकडच्या एका शाळेला पैसा पुरवणाऱ्या एका लहानशा अमेरिकन संस्थेपुढे हा प्रश्न उभा राहिला, आणि तिने काढलेला तोडगा जितका प्रामाणिक होता तितकाच अपुरा ठरला.

ही संस्था म्हणजे डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता, आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्यावर हिंदू विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी तेथे व्याख्याने देऊन मदत उभी केली. असोसिएशनचे अध्यक्षपद एडवर्ड एव्हरेट हेल या युनिटेरियन, म्हणजे त्रैक्याऐवजी ईश्वराच्या एकत्वावर भर देणाऱ्या पंथाच्या धर्मोपदेशकाकडे होते. इतर पदाधिकारी निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे होते. शहरोशहरी निघालेल्या ‘रमाबाई सर्कल’ नावाच्या मंडळांतील सभासद दहा वर्षे दरसाल निदान एक डॉलर देण्याचे वचन देत. एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा ही किरकोळ पण मुदतबंद वर्गणी शाळेला अधिक उपयोगी होती, कारण पुढच्या वर्षी किती मुली ठेवून घेता येतील याचा अंदाज तिच्यावरून बांधता येत असे.

या पैशाबरोबर एक अट आली: शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यायचे नाही. या तटस्थतेमागे केवळ उदारता होती असे मानणे भाबडेपणाचे होईल. परस्परांशी न पटणाऱ्या पंथांच्या दात्यांना एका पंथाची शिकवण मान्य होणे कठीण होते, आणि उच्चवर्णीय पालकांनी आपल्या मुली मिशनरी शाळेत धाडणे त्याहून कठीण होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्याला हलवलेल्या ‘शारदा सदन’ या रमाबाईंच्या शाळेत मुलींना आपले जातिनियम पाळण्याची मुभा होती. दाते हजारो मैलांवर असल्याने न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या स्थानिक सल्लागारांचा आधार घेतला गेला.

रमाबाई स्वतःच्या खोलीत बायबल वाचत आणि प्रार्थना करत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे. कोणाला बोलावले जात नव्हते आणि कोणाला अडवलेही जात नव्हते; हळूहळू काही मुली आत येऊन बसू लागल्या. अटीचा शब्द मोडला नव्हता, पण तिचा हेतू मोडला की नाही, यावर १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंची बाजू कमकुवत नव्हती. इंग्लंडमध्ये ज्या अँग्लिकन भगिनीमंडळाच्या आश्रयाला त्या राहिल्या, त्याच मंडळाशी त्यांनी विवेकस्वातंत्र्यासाठी, म्हणजे स्वतःच्या सदसद्‍बुद्धीला पटेल तेवढेच मानण्याच्या हक्कासाठी, पत्रांतून कडाक्याचा वाद घातला होता. जो हक्क स्वतःसाठी मागितला तोच मुलींना द्यायचा, तर दार का लावून घ्यावे? तरीही या युक्तिवादात एक फट राहते. रमाबाई विदुषी होत्या आणि आश्रय सोडून जाण्याचे बळ त्यांच्यात होते; केशवपनाच्या आणि उपासमारीच्या धाकातून सुटून आलेल्या बारा-पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र सदनाबाहेर जागा नव्हती. जिला दुसरे दारच नाही, तिच्यासाठी हे एक दार किती उघडे होते, हा प्रश्न पुण्याच्या टीकाकारांनी विचारला. पण त्या मुलीला दुसरे दार का नव्हते, हे विचारण्याची तसदी त्यांच्यापैकी थोड्यांनीच घेतली.

उत्तराचा एक प्रयत्न सदनातल्याच एका विद्यार्थिनीच्या घरातून झाला. सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, तीही लहानलहान वर्गण्यांच्या आधाराने. येथे धर्मांतराची भीती नव्हती, पण वर्गणीदारांपैकी पुष्कळांना विधवांचे शिक्षण चालत होते, त्यांचा पुनर्विवाह चालत नव्हता. त्यामुळे कर्व्यांना पुनर्विवाहाची चळवळ आश्रमाच्या कामापासून कसोशीने दूर ठेवावी लागली. आश्रम हिंगण्याला गेल्यावर ते पुण्याहून तिथवर चालत जात. ज्या विवाहाने त्यांचा संसार उभा राहिला होता, त्याचा पुरस्कार मात्र त्यांना आश्रमाच्या उंबऱ्याबाहेर ठेवावा लागे.