सभाधीट कोणाला म्हणावे?

मास्तरकी करणाऱ्या माणसाला चारचौघांत बोलण्याची भीती नसते, असा एक समज आहे. माझ्यापुरता तो खोटा आहे. वर्गात मी तासन् तास बोलतो. पण आमच्या वटार गावातल्या एखाद्या समारंभात ‘आता गुरुजी दोन शब्द बोलतील’ असे कानी पडले, की घशाला कोरड पडते. माझ्या कादंबऱ्यांतली पात्रे मात्र सभा गाजवतात. ती अडखळत नाहीत. कारण त्यांची वही माझ्या हातात असते!

आपल्याला जे साधले नाही ते मुलांना साधावे, या हौसेने मी त्यांना वक्तृत्वस्पर्धेसाठी तयार करीत असे. भाषण मी लिहायचे आणि मुलाने ते पाठ करायचे. हात कुठे उंचवायचा, आवाज कुठे चढवायचा, हेही मीच ठरवायचे. एका वर्षी विषय होता पाण्याचा. सहावीतली एक मुलगी उभी राहिली, तीन वाक्ये घडाघडा बोलली आणि थांबली. पुढचे सारे विसरली होती. मी मागून पुटपुटत होतो. तिला ऐकू येत नव्हते.

मग तिने मान खाली घातली आणि आपल्या घरच्या बोलीत ती सांगू लागली. त्यांच्या वाडीत एक बावखल होते. बावखल म्हणजे पावसाचे पाणी धरून ठेवणारे, वसईच्या वाड्यावाड्यांतले लहानसे तळे. त्याच्या पाण्यावर आजोबा केळी करीत. ते बुजवले गेले. आता विहिरीचे पाणी मचूळ लागते आणि आजी चहा पिताना रोज तोंड वाकडे करते. एवढेच सांगून ती खाली बसली. सभा स्तब्ध झाली होती. बक्षीस अर्थात दुसऱ्या कुणाला मिळाले आणि परतीच्या वाटेवर मी तिला सर्वांदेखत म्हणालो, ‘‘तू शाळेचे नाव घालवलेस.’’

तो शब्द मला पुढे फार दिवस टोचत राहिला. सभेतली भीती वाईट, असे आपण धरून चालतो. पण ती कशाची असते? बहुधा आपण कसे दिसू, याची. ज्याला काही सांगायचेच आहे, त्याला ही भीती सोडत नसली तरी अडवू शकत नाही. 1896 साली मुंबईच्या सभेत गांधीजींचा आवाज थरथरू लागला आणि त्यांचे लेखी भाषण शेवटी दिनशा वाच्छांनी वाचून दाखवले. त्याच माणसाचे ऐकायला पुढे लाखो लोक जमले. आवाज काही पहाडी झाला नव्हता. सांगणे मात्र पक्के झाले होते.

गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट याहून अवघड आहे. 1897 साली ते इंग्लंडात होते. पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या बातम्या त्यांना पत्रांतून कळल्या आणि त्यांनी तिथल्या वृत्तपत्रातून तसा आरोप केला. परत आल्यावर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा गोखल्यांनी बिनशर्त जाहीर माफी मागितली. पुष्कळांनी त्यांना भ्याड ठरवले. पण याच गोखल्यांनी 1902 साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषण केले. सरकारच्या शिलकेचे आणि मिठावरच्या कराचे आकडे त्यांनी असे मांडले, की ते भाषण आजही आठवले जाते. मला वाटते, या दोन प्रसंगांतला माणूस एकच आहे. सिद्ध करता न येणारा शब्द ज्याने मागे घेतला, तोच पुढे आकडा आणि आकडा तपासून बोलला. आपल्या शब्दामागे उभे राहणे आणि वेळ पडली तर तो परत घेणे, याचेच नाव सभाधीटपणा.

एवढे कळल्यावर गप्प बसणे कठीण झाले. एके दिवशी प्रार्थनेनंतर मी मुलांपुढे उभा राहिलो. घसा कोरडा पडला होता. मी म्हणालो, ‘‘मी या मुलीला सर्वांदेखत चुकीचे बोललो, सर्वांदेखत तिची माफी मागतो.’’ माझ्या आयुष्यातले ते सर्वांत छोटे भाषण. ते विसरण्याची मात्र मला भीती वाटली नाही.

अजूनही मी मुलांना तयार करतो. पहिले आणि शेवटचे वाक्य घट्ट ठेवा, शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे पाहून बोला, घाई करू नका, हे सांगतो. पण त्याआधी विचारतो, ‘‘बाळ, तुला काय सांगायचे आहे?’’ वही मी उघडत नाही. मुलगा गप्प राहिला, तर मीही थांबतो.