मस्तकाला धरून राहा



येशू प्रभू नाही, असे कोणी आपल्याला तोंडावर सांगितले तर आपण लगेच सावध होतो. पण “येशू तर हवाच, फक्त त्याच्या जोडीला एवढे एक करा,” असे कोणी प्रेमाने सांगितले, की आपण कान देऊन ऐकतो. आज ज्या भुलवणुकीचा विचार करायचा आहे, ती या दुसऱ्या प्रकारची आहे. ती ख्रिस्ताला नाकारत नाही. तो पुरेसा नाही, एवढेच ती हळू आवाजात सुचवते.

कलस्सै येथील मंडळीपुढे हेच संकट होते. हे गाव आजच्या तुर्कस्तानात होते. लावदिकीया आणि हेरापली ही शहरे जवळच होती. तिथल्या विश्वासणाऱ्यांनी सुवार्ता एपफ्रासाकडून ऐकली (कलस्सै 1:7). पौलाचे तोंडही त्यांच्यातील अनेकांनी पाहिले नव्हते (2:1). तरीही बंदिवासातून त्याने त्यांना पत्र लिहिले. लक्षात घ्या, त्यांच्या विश्वासाची स्थिरता पाहून आपल्याला आनंद होतो, असे तो त्याच पत्रात म्हणतो (2:5). म्हणजे हा इशारा पडलेल्यांना दिलेला नाही, नीट उभ्या असलेल्यांना दिलेला आहे. म्हणूनच तो तुमच्या-माझ्यासाठीही आहे.

त्या मंडळीत काय शिरत होते? काय खावे, काय प्यावे याचे नियम. सण, अमावास्या आणि शब्बाथ पाळण्याचा आग्रह. देवदूतांची उपासना, दृष्टान्तांच्या गोष्टी, देहाला कष्ट देणे. वरून पाहिले तर सगळे किती धार्मिक दिसते! पौलही म्हणतो, की यात शहाणपण दिसते खरे, पण देहाच्या वासनांपुढे त्याचा काही उपयोग होत नाही (2:23). आणि दुखण्याचे मूळ तो 2:19 मध्ये दाखवतो. अशा माणसाची मस्तकावरची, म्हणजे ख्रिस्तावरची, पकड सुटलेली असते.

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या माझ्यासारख्यांना हे लवकर कळावे. आम्ही रोजकीर्द लिहितो, खतावणी करतो आणि शेवटी तेरीजपत्रक काढतो. नावे आणि जमा या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली की जीव भांड्यात पडतो. पण तेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर आहेत, असे नाही. एखादा व्यवहार नोंदवायचाच राहिला असेल, किंवा दोन्ही बाजूंना सारखीच चुकीची रक्कम पडली असेल, तरी तेरीज बिनबोभाट जुळते. ती चूक सापडते मूळ पावती आणि मूळ बिल समोर ठेवल्यावर.

आपल्या आत्मिक जीवनाचेही असे होऊ शकते. रविवारची उपासना चुकत नाही. दशांश वेळेवर जातो. उपास होतो, गीते होतात. तेरीज जुळते. पण ज्याच्यामुळे हे सगळे आहे, तोच वहीत नोंदलेला नसला तर?

कलस्सै 2:4 मध्ये पौलाने ‘भुलवणे’ या अर्थी जो ग्रीक शब्द वापरला आहे, त्याच्या मुळाशी खोटा हिशेब करणे हा अर्थ आहे. गोड बोलून आकडे फिरवायचे, असा तो प्रकार. आणि त्याच अध्यायात, 2:14 मध्ये, तो खरा हिशेब मांडतो. आपल्याविरुद्ध जो हाताने लिहिलेला कर्जरोखा होता, तो देवाने खोडून वधस्तंभाला खिळून टाकला. मग विचार करा. फिटलेल्या कर्जाचा हप्ता मागायला कोणी दारात आला, तर तुम्ही त्याला पैसे द्याल का?

पण असे हप्ते आज मागितले जातात, आणि आपण ते देतो. घरात कोणी आजारी असते. महिनोन्महिने प्रार्थना चालू असते. अशा वेळी कोणी येऊन सांगते, “तुमचा विश्वास कमी पडतो, म्हणून उत्तर मिळत नाही. इतके दिवस उपास करा. त्या सेवकाकडचे तेल आणा. इतकी रक्कम बीज म्हणून पेरा.” ऐकणारी आई घाबरते. आधी तिच्यावर आजाराचा भार होता, आता त्यावर अपराधाचाही भार चढतो. ती प्रभूकडे येते ती लेकरासारखी नाही, थकबाकीदारासारखी.

प्रियजनहो, पवित्र शास्त्र असे बोलत नाही. पौलाच्या देहातला काटा त्याने तीनदा विनंती करूनही निघाला नाही. प्रभूने त्याला आपली कृपा दिली आणि तीच पुरेशी आहे असे सांगितले (2 करिंथ 12:8-9). तीमथ्य वारंवार आजारी पडत असे (1 तीमथ्य 5:23). त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून पौलाला पुढे जावे लागले (2 तीमथ्य 4:20). यांपैकी कोणालाही ‘तुझा विश्वास उणा आहे’ असे पौलाने म्हटलेले नाही. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला याकोबाने जरूर सांगितले (याकोब 5:14), पण ते काम मंडळीच्या वडिलांचे आहे, आणि तिथे तेलाला किंमत लावलेली नाही. उपास, दान, तेल यांत वाईट काही नाही. कृपेला दिलेला प्रतिसाद म्हणून ती सुंदर आहेत. कृपेची किंमत म्हणून ती मोजायला लागलो, की हिशेब खोटा झाला.

पंडिता रमाबाईंची साक्ष इथे आपल्याला मदत करते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे 1907 मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी मोकळेपणाने सांगितले, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले : आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त, तो अजून सापडलेला नाही. किती मोठी विदुषी, किती मोठी सेवा, आणि तरी स्वतःची वही पुन्हा उघडून पाहण्याचे हे धैर्य! पुढे त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर हे काम हातात होते. मूळ कागदाकडे जाणे म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावे.

मग आपण स्थिर कसे राहायचे?

जे ऐकतो ते वचनाशी ताडून पाहा. बिरुया येथील लोकांनी पौलाचे बोलणेसुद्धा रोज शास्त्रात शोधून पाहिले, आणि शास्त्र त्यांची थोरवीच सांगते (प्रेषितांची कृत्ये 17:11). मोबाइलवर पुढे पाठवलेला संदेश पौलापेक्षा मोठा नाही. दहा जणांना पाठवला नाही तर आशीर्वाद जाईल, असे म्हणणारा संदेश तर तिथेच थांबवा.

स्वतःला एक प्रश्न विचारा. ही शिकवण ऐकल्यावर माझी नजर कोणावर खिळली? ख्रिस्तावर, त्या वक्त्यावर, की माझ्याच कर्तबगारीवर?

एकटे राहू नका. कलस्सैकरांनी पूर्ण स्थिर उभे राहावे म्हणून एपफ्रास प्रार्थनेत झगडत होता (4:12). नोकरी-शिक्षणासाठी तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बंगळूरुला, आपल्यासाठी असे झगडणारे एक तरी माणूस असू द्या. आणि तुम्हीही कोणाचे तरी एपफ्रास व्हा.

शेवटी, उपकारस्तुती करत राहा (2:7). आपले कर्ज फिटले आहे, हे जो रोज आठवतो, त्याला दुसऱ्याचा खोटा हिशेब सहसा पटत नाही.

हे प्रभू येशू, तू आमचे मस्तक आहेस आणि तू आम्हांला पुरेसा आहेस. ज्या घरात आज आजार आहे आणि त्यावर अपराधाचे ओझेही आहे, तिथे ते ओझे तू उतरव. तुझ्या वचनात आमची मुळे खोल जाऊ दे. आमेन.